नवलूरचा चढ

—आणि चढ म्हणजे कसला, तुम्ही गाडीनं येता म्हणून कळत नाही हो. हुबळीची माणसं म्हणतात, धारवाड काय, हे इथं. जवळ आहे, खरंय. पण वर आहे. उणकलचं तळं मागं पडलं की रस्ता हळूच उचलायला लागतो, नवनगर, सत्तूर — आणि नवलूरला तर उभाच राहतो. पळणाऱ्याला विचारा. माझ्या सुनेला विचारा, आल्यावर. येईल आता. आठ चाळीस झाले ना तुमच्या घड्याळात? माझ्यात आठ बेचाळीस, मी दोन मिनिटं पुढंच ठेवते, शाळेची सवय. साडेपाचला सोडलं त्यांना हुबळीत, एकवीस किलोमीटरची दौड, नऊपर्यंत मुदत. नऊनंतर आलं तर मेडल नाही, नुसतं केळं देतात म्हणे. तुमच्या लेकीला मिळालं की, बघितलं मी, गळ्यात घालूनच गेली त्या तंबूत पाय चोळून घ्यायला. तिथली रांग बघता अर्धा तास तरी सुटत नाही ती — म्हणजे तुम्हीही सुटत नाही. चहा? नको. सकाळपासनं दोन कप घेतले आणि दोन्ही गार करून ओतले. घशाखाली उतरत नाही आज. का ते विचारू नका.

वैशाली तिचं नाव. प्रशांतची बायको. प्रशांत माझा मुलगा, तारिहाळला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आणि मी अंबूताई महेंद्रकर, छत्तीस वर्षं मराठी शाळेत होते, पहिली ते चौथी, गणित आणि शिस्त. गडहिंग्लजकडचे आम्ही मूळचे, आता इथं सप्तापुरात राहतो. तर वैशाली दोन वर्षांपूर्वी सत्त्याण्णव किलो होती. आकडा सांगायला मला लाज वाटत नाही, मी गणिताची आहे. आता बासष्ट. पस्तीस किलो गेले. पस्तीस किलो म्हणजे किती, कळतंय का? माझी नात सायली दहा वर्षांची आहे, तिचं वजन एकतीस. म्हणजे एक अख्खी सायली, आणि वर चार किलो तांदूळ. एवढं ती अंगावर घेऊन स्वयंपाक करायची, जिने चढायची, माझ्या साड्या वाळत घालायची. मी? मी चव्वेचाळीस. लग्नात चव्वेचाळीस, आजही चव्वेचाळीस. आमच्या घरातली बारीक बाई म्हणजे मी — असं होतं तेव्हा.

कसं केलं, सगळे हेच विचारतात. कुठला डॉक्टर, कुठली पावडर. काही नाही हो. सायलीला शाळेत ‘माझे कुटुंब’ म्हणून तक्ता करायचा होता, घरातल्या प्रत्येकाचा एक फोटो चिकटवायचा. आजीचे ढीगभर. बाबांचे आहेत. आईचा एकही नाही, सहा वर्षांतला एकही नाही. पोरीनं शेवटी चित्र काढून चिकटवलं — एक मोठा गोल, त्यावर छोटा गोल, त्याला वेणी. वैशालीनं तक्ता बघितला, गोंद वाळला का तेवढं बोटानं बघितलं. आता फोटो का नव्हता म्हणाल, तर फोटो तीच काढायची ना. लग्नात, बारशाला, मीच तिच्या हातात फोन द्यायची. ‘वैशाली, तू काढ बाई, तुझा हात हलत नाही.’ आणि हात खरंच हलत नाही तिचा. मी खोटं बोलत नाही, सवयच नाही मला. हात हलत नाही हे खरं, आणि ती उभी राहिली की मागची दोन माणसं झाकली जातात हेही खरं. त्यातलं एक मी बोलायची, एक बोलायची नाही. एवढंच.

मग ती गच्चीवर चालायला लागली. पहाटे, अंधारात, रस्त्यावर नको म्हणून — रस्त्यावर माणसं बघतात. मी खाली अंथरुणात पडून ऐकायची, धप, धप, धप, कपड्यांच्या तारेपर्यंत आणि परत. मला वाटलं आठ दिवसांत थकेल. आठ महिने चालली. भात वाटीनं मोजून घ्यायला लागली, ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी चमचाभर. मी त्या वर्षी पुरणपोळ्या जरा जास्त केल्या, असं प्रशांत म्हणतो. मी मुद्दाम नाही केल्या. सण आले, मी केल्या. ती वाढायची सगळ्यांना, वरनं तूप सोडायची, आणि स्वतः ताकाचा पेला घेऊन बसायची. मला राग यायचा. माझ्या पुरणपोळीला घरात कुणी नाही म्हटलेलं नव्हतं.

सत्त्याण्णवाचे ऐंशी झाले तशी ती गच्चीवरनं खाली उतरली, इथं आली, ह्याच ग्राउंडवर. इथं चेतन भेटला. चेतन म्हणजे कलघटगीकडचा, एका शाळेत पीटी मास्तर, सकाळी हौशी मंडळींना पळायला शिकवतो. सव्वीस-सत्तावीसचा असेल, बारीक, काळासावळा. तो तिला म्हणाला, अक्का, नुसतं चालता कशाला, एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, निधान, निधान, घाई नको. ही पळाली. एक मिनिट. घरी येऊन सांगितलं नाही तिनं, पण मला कळलं, कारण त्या दिवशी कणीक मळताना गुणगुणत होती.

आणि मग प्रशांत एक दिवस मला म्हणाला, ‘आई, तुझे गुडघे आखडतात ना, तूही जात जा की तिच्याबरोबर.’ माझे गुडघे बावीस सालापासनं आखडतात, त्याला आत्ता आठवलं. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं.  मला कळलं आणि त्याला कळलं की मला कळलंय. बायको पहाटे पाचला उठते, केस बांधते, पँट घालून जाते, आल्यावर तोंड लाल असतं आणि मूड चांगला. नवऱ्याला काय वाटेल? तुम्ही पुरुष आहात, तुम्ही सांगा — नाही, नका सांगू. तर मी इथं आले ती हेर म्हणून आले. ह्याच बाकावर. स्वेटर, कानटोपी, हातात जपमाळ, म्हणजे कुणाला शंका नको.

काय दिसलं? काहीच दिसलं नाही. निराशाच झाली म्हणा. ती पळत होती, एकटी, सगळ्यांच्या मागं. कॉलेजची पोरं दोन-दोनदा तिला ओलांडून जायची. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायची उन्हाळ्यातसुद्धा, कारण वजन गेलं तरी कातडं जात नाही हो, दंडाखाली लोंबतं, ते तिला दाखवायचं नसायचं. मांड्या घासतात म्हणून व्हॅसलीन चोपडायची — आमच्या घरातलं व्हॅसलीन कुठं जातंय ते मला तेव्हा समजलं, मी कामवालीवर संशय घेतला होता. कुणाशी बोलत नव्हती. बोलायला दम कुठं होता?

आठवडाभर मी नुसती बघत बसले. पण छत्तीस वर्षं ज्यानं हजेरी घेतली त्याला नुसतं बघता येत नाही. ती थांबली आणि म्हणाली, ‘अठरा फेऱ्या झाल्या, आत्या.’ आमच्यात सासूला आत्या म्हणतात. मी म्हटलं, सोळा. ती म्हणाली, अठरा. मी म्हटलं, बाई, तू बारानंतर चौदा मोजलेस आणि पंधरानंतर सतरा, मी इथं बसलेय.  मग गेली आणि उरलेल्या दोन पूर्ण करून आली. दुसऱ्या दिवशी मी चिंचोके आणले. पिशवीभर, स्वयंपाकघरातले. एक फेरी झाली की एक चिंचोका उजवीकडनं डावीकडं. पहिलीच्या पोरांना बेरीज मी चिंचोक्यांवरच शिकवली, त्यापेक्षा पक्कं काही नाही. हळूहळू पंचवीस झाले, तीस झाले. अठरा किलोमीटर म्हणजे पंचेचाळीस फेऱ्या, त्या दिवशी मी तीन तास हललेली नाही इथनं. जपमाळ घरीच राहायला लागली.

आणि फेऱ्या झाल्या की चेतन गेटवरनं चहा आणायचा. तीन कप. मला आधी ‘अज्जी’ म्हणायचा, मी एकदा नुसतं बघितलं, तेव्हापासनं ‘टीचर’ म्हणतो. आम्ही तिघं इथं बसून चहा प्यायचो, तो पुढच्या रविवारचं सांगायचा, किती पळायचं, मध्ये लिंबू-मीठ-साखरेचं पाणी कधी घ्यायचं, ती विचारायची, अंगठ्याचं नख काळं पडलंय, पडेल का, तो म्हणायचा, पडू दे अक्का, नवं येतं. असलं बोलणं. मला — सांगायला हरकत नाही — मला ती वेळ आवडायची. निवृत्त झाल्यापासनं मला कुणी टीचर म्हटलं नव्हतं.

मग? मग गडहिंग्लजला लग्न होतं, पुतण्याचं, सव्वा महिना झाला असेल. वैशालीनं आकाशी रंगाची साडी नेसली होती, ब्लाउज चौथ्यांदा आत घेतलेला. सगळ्या बायका तिच्याभोवती. मला वाटलं कौतुक माझ्याही वाट्याला येईल थोडं, मी मोजलंय ना. तर माझी धाकटी जाऊ, सविता, माझा दंड धरून म्हणते, ‘अंबूताई, किती हो वाळलात तुम्ही. बरं नाही का?’ तिच्यामागनं अजून दोघी, ‘हो हो, फार उतरलात.’ मी चव्वेचाळीसच हो. एक ग्रॅम कमी नाही. इतकी वर्षं मी त्यांच्या डोळ्यांना सडपातळ दिसले, कारण शेजारी ती उभी असायची. आता शेजारची बारीक झाली, तर मी म्हातारी झाले. वजन तिचं गेलं आणि — असो. फोटो काढताना कुणीतरी माझ्या हातात फोन दिला. ‘ताई, तुम्ही काढा.’

काही नाही, डोळ्यात ऊन येतंय. ह्या बाकावर साडेआठनंतर ऊन येतं.

त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, परत आल्यावर प्रशांतनं विचारलं. तो मधनंमधनं विचारायचाच, मी ‘काही नाही’ म्हणायची. त्या दिवशी त्यानं विचारलं, ‘आई, तो मास्तर आणि ती चहाबिहा पितात का तिथं?’ मी म्हटलं, पितात. ‘रोज?’ मी म्हटलं, रोज. झालं. दोन शब्द. मी खोटं बोलले का? पितात. रोज पितात. तिसरा कप कुणाचा ते त्यानं विचारलं नाही.

त्यानं आरडाओरडा नाही केला. तो करत नाही, वडिलांसारखा आहे. तिचे बूट उचलले, एका पिशवीत घातले आणि माळ्यावर टाकले, ट्रंकेच्या मागं. म्हणाला, ‘साकु, पुरे आता. बारीक व्हायचं होतं ते झालीस. आणखी कुणासाठी पळायचंय?’ तिनं विचारलं, ‘तुम्हाला कोण काय म्हणालं?’ तो म्हणाला, ‘मला दिसत नाही का?’ माझं नाव नाही घेतलं त्यानं. मी तिथंच होते, तूर निवडत होते. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ आत गेली. दुसऱ्या दिवशी पाचला मी जागी झाले, ती उठली नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. फॉर्म भरून झाला होता, नंबर आला होता, दौडीला पाच आठवडे उरलेले. चेतनचे फोन येऊन गेले, तिनं उचलले नाहीत. मी मनात म्हटलं, चला, घर घरासारखं झालं. सकाळचा नाश्ता वेळेवर मिळायला लागला.

नवव्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला उठले. ती स्वयंपाकघरात उभी होती, ओट्याकडं तोंड करून, भाताचं पातेलं डाव्या हातात, आणि गार भात हातानं खात होती. वाटी नाही, ताट नाही, आमटी नाही. बघत नव्हती पातेल्यात. खिडकीबाहेर बघत होती आणि हात आपला जात होता, येत होता, जात होता. पूर्वी पाहिलं नव्हतं असं नाही, पूर्वी मी म्हणायची, खातेय बाई, खाऊ दे, तिला भूक जास्त. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की तिला भूक नव्हतीच. मी पाणी न पिता परत आले. मी मोजत होते हो — सवय — अकरा घास मोजले दारात उभं राहून, आणि मग मला मोजवेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्टुलावर चढले. अडुसष्टाव्या वर्षी, आखडलेल्या गुडघ्यांनी, अंधारात, माळ्यावर. पिशवी काढली, बूट तिच्या उशाशी ठेवले आणि म्हटलं, ‘ऊठ. मला ग्राउंडवर जायचंय, एकटीला कुत्री भुंकतात.’ ती उठली.  त्या दिवशी चार फेऱ्यांत धापा टाकायला लागली, पाचवी चालली. घरी आलो, ती न्हाणीत गेली, नळ सोडलेला ऐकला, तेव्हा मी प्रशांतसमोर उभी राहिले. म्हटलं, ‘तो चहा असतो ना, त्यातला तिसरा कप माझा असतो. सुरुवातीपासनं.’ त्यानं घास खाली ठेवला. ‘मग तेव्हा का नाही सांगितलंस?’ मी म्हटलं, ‘तू दोघांचं विचारलंस.’  मग उठला आणि कामावर गेला. डबा टेबलावरच राहिला. तेव्हापासनं आमच्या घरात तिघं बोलतात, पण जेवढ्यास तेवढं. तिला मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? नळ चालू होता, ऐकलं नसेल. बूट मिळाले ना, विषय संपला. असं मी धरलं होतं.

—थांबा, फोन. चेतनचाच, तो वाटेत आहे, आपली माणसं बघत. हं, हेळप्पा, सांग... कुठं? नवलूरला? बसली म्हणजे?... पाय धरला. पोटरी का मांडी?... पाणी दे, मीठ घाल त्यात... मग आता?... उठली. उठली ना? चालतेय... टोलनाक्यापाशी?... बरं... कोण? कोण माणूस?... हेल्मेट?... गाडी कुठली आहे, लाल? मागं हिरवी पिशवी लावलीय का, डब्याची?... हं. नाही, नाही, त्याला काही विचारू नकोस. असू दे. येऊ दे मागनं. ठेव.

नवलूरच्या चढावर गोळा आला तिला पायात. दहा मिनिटं रस्त्याकडंला बसून होती. आता उठलीय, टोलनाक्यापर्यंत चालत आलीय, पळवत नाही म्हणे. आणि तिच्यामागं वीस-पंचवीस पावलांवर एक माणूस गाडी बंद करून ढकलत येतोय, हेल्मेट डोक्यावर, काच खाली ओढलेली, कुणाशी बोलत नाही, ती थांबली की थांबतो. चेतनला वाटलं कुणी गुंड आहे. माझा मुलगा आहे तो. काल रात्री मला म्हणाला, रविवार असला तरी उद्या कामावर बोलावलंय. हेल्मेट घातलं की ओळखणार नाही कुणी, असं त्याला वाटतंय. माझ्यावर गेलाय. मी निदान जपमाळ तरी आणली होती.

किती वाजले? आठ अठ्ठावन्न. गेलं मेडल. टोलनाक्यापासनं इथं यायचं म्हणजे, चालत... वीस मिनिटं तरी धरा. तो बघा, तो त्या फुगवलेल्या कमानीची दोरी सोडायला लागला — अण्णा, स्वल्प निल्री, थांबा जरा, एक जण यायचीय अजून. हो, तुमची मुदत संपली, माझी सून संपलेली नाही. हवा काढू नका त्यातली. हं. थांबला. मास्तरणीचा आवाज आहे, कन्नडमध्येही चालतो.

तुम्ही जायचं का बघताय? जा की. नाही — दोन मिनिटं बसा. मी सकाळचं सांगितलंच नाही तुम्हाला. सांगणारही नव्हते. पण चहा का उतरत नाही, तेच ते. पहाटे चारला तिच्याबरोबर मीच गेले हुबळीला, प्रशांत उठला नाही, किंवा उठला नाही असं दाखवलं. तिथं सगळी गर्दी, मोठ्यानं गाणी, उड्या मारून अंग गरम करतायत. ती खाली बसून बुटाच्या नाड्या बांधत होती, मी तिच्या पाठीवर नंबराचा कागद लावत होते, सेफ्टी पिना तोंडात धरून. ती म्हणाली — वर न बघता, नाडी ओढत — ‘आत्या, चहाचं फक्त तिघांना माहीत होतं. चेतननं सांगितलं नाही, मी सांगितलं नाही. तिघांतनं दोन वजा केले की उरतं किती?’

माझ्या तोंडात पिना होत्या.  पिना नसत्या तरी बोलले नसते. मी गणिताची बाई, छत्तीस वर्षं, आणि एवढी साधी वजाबाकी तिला येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासनं माहीत होतं. मी तूर निवडत बसले होते तेव्हापासनं. बूट उशाशी ठेवले तेव्हाही. त्यानंतर महिनाभर मी इथं चिंचोके मोजत बसले, ती माझ्यासमोरनं पळत गेली, आली, गेली, आली, दर फेरीला माझ्याकडं बघून मान हलवायची — आणि माहीत होतं तिला. रागानं म्हणाली असती तर मला जमलं असतं हो. राग मला हाताळता येतो, चाळीस पोरांचा हाताळलाय. तिनं उठून माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, म्हणाली, ‘तुम्ही चिगरी बसनं पुढं जा, इथं थंडीत बसू नका,’ आणि गर्दीत गेली. बस. सुटल्याचा भोंगा झाला.

मी चिगरीत बसले. गार हवेची बस, बंद काचा, आणि तिला स्वतःचा वेगळा रस्ता. उणकलच्या पुढं दिसली ती मला, पलीकडच्या रस्त्यावर, पुन्हा सगळ्यांच्या मागं, तोंड उघडं, हात कोपरात वाकवलेले, चेतननं शिकवले तसे. मी काचेवर वाजवलं. बसमधले सगळे वळून बघायला लागले. तिला काय ऐकू जाणार? मी बसल्या जागी तिला ओलांडून पुढं गेले, एक मिनिटसुद्धा लागलं नाही, आणि तेव्हापासनं इथं बसून विचार करतेय की ती आल्यावर काय बोलायचं. मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. गरजच पडली नाही म्हणायची मी. आता हिशेब केला तर — राहू दे.

ते गेटातनं कोण येतंय? माझा चष्मा लांबचा नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट आहे का? — आहे. तीच. उजवा पाय ओढतेय. आणि मागं गाडी. हेल्मेट काढलंय त्यानं, हातात धरलंय. केस कसे चिकटलेत, बावळट दिसतोय. तिला माहीत आहे का तो मागं आहे ते? माहीत असणार. तिला सगळं माहीत असतं. बघा, आता ग्राउंडच्या आखलेल्या पट्टीवर आली आणि — पळायला लागली. लंगडत, पण पळतेय. अहो, कशाला, मेडल तर गेलं, कुणी बघायला नाही, तो कमानीवाला आणि तुम्ही आणि मी. पळतेय बघा. तो अण्णा टाळ्या वाजवतोय. नऊ एकोणीस.

झालं. आली आत. गुडघ्यांवर हात ठेवून उभी आहे, वाकून. प्रशांत तिथंच थांबलाय गाडीपाशी, पुढं येत नाही, मागं जात नाही. आता ती इकडं बघतेय. चालत येतेय, मोठी पावलं टाकवत नाहीत तिला, पण सरळ इकडंच.

बरं, उठा तुम्ही. तुमची लेक शोधत असेल तुम्हाला. नाही, ओळख करून द्यायची काही गरज नाही, आणि अभिनंदनबिभिनंदन आत्ता नको. तिला पाय लांब करून बसायला अख्खा बाक लागेल. ती बाटली तेवढी इकडं द्या माझ्याकडं. हं. जा आता.